पीएचपी मध्येच मरते तेव्हा: नव्याने सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी

साईट अधूनमधून पांढरी पडते, कधी ५०२ बॅड गेटवे दिसतं, आणि रिफ्रेश केलं की पुन्हा नीट चालते. अशा वेळी शोधाशोध केली की पहिला सल्ला ठरलेला असतो: पीएचपी-आयएनआय ही सेटिंगची फाइल उघडा आणि मेमरी लिमिट १२८ एमबीवरून ५१२ करा. हा सल्ला कधी कधी लागूही पडतो. पण पुष्कळदा त्याने खरं कारण झाकलं जातं, आणि छोट्या सर्व्हरवर तर त्रास वाढतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एकच आहे. कुठलाही आकडा बदलण्याआधी प्रोसेस कशाने मेली हे लॉगमधून नक्की करा. ते कळलं की निम्मं काम झालं.

इथे मी उबुंटू किंवा डेबियन, पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे पीएचपी-एफपीएम (रिक्वेस्ट घेणाऱ्या पीएचपीच्या प्रोसेस, म्हणजे वर्कर, सांभाळणारा प्रोग्राम) आणि दोन जीबी रॅमचा भाड्याचा व्हीपीएस (आभासी सर्व्हर) धरून चाललोय. अपाची वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळं लिहिलंय. कमांड आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टाइप करायची.

पायरी पहिली: कशाने मेली?

तीन प्रकार ओळखता आले पाहिजेत. प्रत्येकाची नोंद वेगळ्या ठिकाणी होते.

पहिल्या प्रकारात पीएचपी स्वतःच काम थांबवते. पीएचपीच्या एरर लॉगमध्ये ‘अलाउड मेमरी साइझ ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड’ अशी ओळ सापडते. तो लांबलचक आकडा म्हणजे १२८ गुणिले १०२४ गुणिले १०२४, थोडक्यात १२८ एमबी. यात वर्कर मरत नाही. फक्त ती रिक्वेस्ट मरते आणि वर्कर पुढची रिक्वेस्ट घ्यायला मोकळा होतो. तिघांत हा सगळ्यात सोपा, कारण फाइल आणि ओळ क्रमांक आयता मिळतो.

दुसऱ्या प्रकारात कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, प्रोसेस मारतो. पीएचपीच्या लॉगमध्ये काहीच नसतं, कारण तिला बोलायची संधीच मिळालेली नसते. एफपीएमच्या लॉगमध्ये ‘एक्झिटेड ऑन सिग्नल ९’ (सिग्नल म्हणजे प्रोसेसला दिलेल्या इशाऱ्याचा क्रमांक) दिसतं आणि कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’. कर्नलचा लॉग बघायला डीमेसेज कमांड हायफन मोठा टी लावून चालवा, किंवा जर्नल-सीटीएल हायफन के. हे काम करणाऱ्या कर्नलच्या भागाला ओओएम किलर म्हणतात. डॉकरमध्ये चालवत असाल आणि कंटेनरची मुख्य प्रोसेसच मारली गेली तर कंटेनरचा एक्झिट कोड १३७ दिसेल, म्हणजे १२८ अधिक ९.

तिसऱ्या प्रकारात प्रोसेस आपणहून कोसळते. सिग्नल ११, सेगमेंटेशन फॉल्ट (आपली नसलेली मेमरी वापरू पाहणं), बोलीभाषेत सेगफॉल्ट. डॉकरमध्ये मुख्य प्रोसेस अशी कोसळली तर कोड १३९.

याशिवाय सिग्नल १५ दिसला आणि शेजारी ‘एक्झिक्यूशन टाइम्ड आउट’ असं लिहिलेलं असेल, तर रिक्वेस्ट-टर्मिनेट-टाइमआउट ही मर्यादा ओलांडल्यामुळे एफपीएमनेच वर्कर बंद केलाय. तो वेळेचा प्रश्न आहे. आणि ‘सर्व्हर रीच्ड पीएम-मॅक्स-चिल्ड्रन’ असं आलं असेल तर कोणी मेलेलं नाही. सगळे वर्कर कामात गुंतलेत आणि बाहेर रांग लागलीये. ग्राहकाला तक्रार सारखीच वाटते, ‘साईट बंद आहे’. उपाय मात्र पूर्ण वेगळे.

एनजिनएक्सच्या लॉगमध्ये नवखे हमखास फसतात असं एक ठिकाण आहे. तिथे कंसात ११ आणि पुढे ‘रिसोर्स टेंपररिली अनअव्हेलेबल’ असं येतं. हा ११ सिग्नलचा नव्हे, सिस्टमच्या एररचा क्रमांक आहे, आणि त्याचा अर्थ एफपीएमच्या सॉकेटवरची रांग भरली. तो बघून सेगफॉल्टच्या मागे लागू नका. १०४ म्हणजे बोलता बोलता समोरून जोडणी तुटली, तेव्हा वर्कर मेल्याचा संशय घ्या. १११ म्हणजे एफपीएम चालूच नाही. ११० म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही.

लॉग ताडून बघताना घड्याळाकडेही लक्ष द्या. पीएचपीमध्ये टाइमझोन सेट केलेला नसेल तर ती स्वतःच्या लॉगमध्ये यूटीसी वेळ लिहिते. सर्व्हर भारतीय वेळेवर असला तर दोन लॉगमध्ये साडेपाच तासांचा फरक पडतो. रात्री ९ ची पडझड पीएचपीच्या लॉगमध्ये दुपारी ३:३० ला दिसते आणि माणूस भलत्याच ओळी वाचत बसतो. डेट-टाइमझोन एशिया-कोलकाता करून टाका. सोबत डिस्प्ले-एरर्स बंद, लॉग-एरर्स चालू, आणि एरर-लॉगची फाइल ज्या युजरने वर्कर चालतात त्याला लिहिता येईल अशी ठेवा. ही परवानगी नसल्यामुळे लॉग रिकामा राहतो आणि ‘लॉगमध्ये काहीच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

पायरी दुसरी: मर्यादा ओलांडली गेली असेल तर

मेमरी लिमिट एका रिक्वेस्टपुरती असते, सगळ्या सर्व्हरची नसते. २० वर्कर आणि ५१२ एमबी मर्यादा म्हणजे कागदोपत्री तुम्ही १० जीबी वापरायची परवानगी दिलीत. सर्व्हरवर आहेत दोन. एरवी निभावतं, कारण सगळे एकाच वेळी इतकी मेमरी मागत नाहीत. गर्दीच्या दिवशी मागतात.

एररमध्ये दिलेली ओळ दोषी असेलच असं नाही. शेवटचे काही बाइट्स मागताना मर्यादा संपली, एवढंच ती सांगते. आधीचे १२७ एमबी कोणी खाल्ले हे शोधायचं असतं. नेहमीचे संशयित थोडेच आहेत: डेटाबेसमधल्या सगळ्या ओळी एकदम अ‍ॅरेमध्ये भरणारं फेच-ऑल, सगळी फाइल एका दमात वाचणारं फाइल-गेट-कंटेंट्स, मोठी एक्सेल शीट, आणि फोटो.

फोटोंचं गणित एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे. गणेशोत्सव मंडळाची साईट घ्या. कार्यकर्ते मोबाइलवरून थेट फोटो चढवतात. हल्लीच्या पुष्कळ फोनमध्ये ५० मेगापिक्सेलचा मोड असतो, म्हणजे साधारण ८१६० बाय ६१२० पिक्सेल. जेपेग फाइल दहा-पंधरा एमबीची असेल, अपलोडसाठी वाढवून ठेवलेल्या मर्यादेत ती सहज बसते. पण लघुचित्र बनवण्यासाठी जीडी ही चित्रांची लायब्ररी तो फोटो उघडते तेव्हा प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट्स लागतात. ८१६० गुणिले ६१२० गुणिले ४ म्हणजे जवळपास २० कोटी बाइट्स, १९० एमबी. आडवा फोटो उभा करायला फिरवला की दुसरी प्रत तयार होते, पुन्हा तेवढेच. फाइलचा आकार आणि मेमरीतला आकार यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. संबंध असतो तो पिक्सेलच्या संख्येशी.

आता हाच फोटो दोन सर्व्हरवर दोन वेगळ्या प्रकारे घात करतो. पीएचपीसोबत येणारी जीडी वापरलेली असेल (डॉकरच्या अधिकृत पीएचपी इमेजमध्ये नेहमीच्या पद्धतीने बसवलेली जीडी अशीच असते), तर ही मेमरी पीएचपीच्या हिशोबात धरली जाते आणि मर्यादा ओलांडल्याची सरळ एरर येते. डेबियन-उबुंटूच्या पॅकेजमध्ये मात्र सिस्टमची स्वतंत्र जीडी लायब्ररी वापरतात. तिची मेमरी पीएचपीच्या मर्यादेत मोजलीच जात नाही. एरर नाही, ओळ क्रमांक नाही, वर्कर गुपचूप ४०० एमबीने फुगतो, आणि असे चार-पाच फोटो एकदम आले की ओओएम किलर जागा होतो. इमॅजिक या दुसऱ्या चित्र-लायब्ररीचंही तेच, तिची मेमरीसुद्धा पीएचपीच्या मोजमापाबाहेर असते. कोड तोच, फोटो तोच, मरणाची तऱ्हा वेगळी. म्हणूनच पहिली पायरी गाळू नका असं मी पुन्हा पुन्हा सांगतो.

उपाय सोपा आहे. फोटो उघडण्याआधी गेट-इमेज-साइझ वापरून लांबी-रुंदी बघा. ते फंक्शन आख्खं चित्र मेमरीत उलगडत नाही, माप तेवढं वाचतं. ठरवलेल्या पिक्सेलपेक्षा मोठा फोटो असेल तर नम्रपणे नाकारा, किंवा बाजूला ठेवून एका वेळी एकच फोटो लहान करणाऱ्या वेगळ्या प्रोसेसकडे द्या. काम मोठं असेल तर लिबव्हिप्स बघा, ती चित्र तुकड्यातुकड्याने हाताळते आणि फार कमी मेमरी घेते.

मराठी मजकुराच्या साईटवाल्यांना एक शंका नेहमी येते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, मग मेमरी तिथेच जात असेल का? नाही. दोन हजार शब्दांचा लेख पन्नास केबीच्या आसपास भरतो. मजकुरावर संशय घेऊन वेळ घालवू नका.

कोणत्या पानाला किती मेमरी लागते हे मोजायला एफपीएममध्येच सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. पूलच्या (वर्करच्या गटाच्या) फाइलमध्ये, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डॉट-कॉन्फमध्ये, अ‍ॅक्सेस-लॉग आणि अ‍ॅक्सेस-फॉरमॅट या ओळी अर्धविरामामागे बंद करून ठेवलेल्या असतात. त्या उघडा. फॉरमॅटच्या नमुन्यात मोठ्या एमचा एक भाग आहे, तो त्या रिक्वेस्टने गाठलेली कमाल मेमरी लिहितो. एखादा दिवस लॉग साठू द्या, मग त्या रकान्यावर क्रम लावा. दोन-तीन पानं ठळकपणे वर येतील. अंदाज बांधण्यापेक्षा हा एक दिवस थांबलेला बरा. फक्त लायब्ररीची बाहेरची मेमरी या आकड्यात धरलेली नसते, हे विसरू नका.

मर्यादा वाढवणं खरंच गरजेचं असेल, समजा महिन्याचा अहवाल काढणारं एकच पान जड आहे, तर तेवढ्याच पानासाठी कोडमध्ये आयएनआय-सेटने वाढवा. सगळ्या साईटसाठी नको. आकडा बदलूनही फरक पडत नसेल तर तुम्ही बहुधा चुकीची फाइल बदलताय. टर्मिनलवरच्या पीएचपीची आयएनआय फाइल वेगळी असते, आणि डेबियनमध्ये तिथे मर्यादा उणे १, म्हणजे अमर्याद असते. ‘टर्मिनलवर चालतं, ब्राउझरमध्ये मरतं’ याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं. पूलच्या फाइलमध्ये पीएचपी-अ‍ॅडमिन-व्हॅल्यूने मर्यादा घातलेली असेल तर आयएनआय-सेटही चालत नाही.

पायरी तिसरी: कर्नलने मारलं असेल तर

इथे हिशोब करावा लागतो. फ्री हायफन एम चालवून ‘अव्हेलेबल’ हा रकाना बघा, ‘फ्री’चा नव्हे. लिनक्स मोकळी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की परत देतो, त्यामुळे ‘फ्री’ कमी दिसणं ठीकच आहे.

मग एका वर्करला किती लागते ते बघा. पीएस कमांडमधला आरएसएस (प्रोसेसने रॅममध्ये धरलेली मेमरी) हा आकडा जरा फुगलेला असतो, कारण ऑपकॅशची (पीएचपीचा तयार कोड साठवणाऱ्या कॅशची) सामायिक मेमरी प्रत्येक वर्करच्या नावावर पुन्हा पुन्हा धरली जाते. जास्त खरा आकडा पीएसएस, त्यात सामायिक मेमरी वाटून धरलेली असते. तो प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली स्मॅप्स-रोलअप या फाइलीत मिळतो.

समजा २०४८ एमबीपैकी सिस्टम, एनजिनएक्स, मारियाडीबी हा डेटाबेस आणि ऑपकॅश मिळून ८०० घेतात. उरले साधारण १२५०. गर्दीच्या वेळी एक वर्कर ६० एमबीपर्यंत जातो. भागाकार २० येतो. पीएम-मॅक्स-चिल्ड्रन, म्हणजे वर्करची कमाल संख्या, १६ ठेवा, २० नको. थोडी जागा मोकळी राहिलीच पाहिजे. लॉगमध्ये ‘कन्सिडर रेझिंग इट’ असा सल्ला छापून येतो, म्हणून आकडा आंधळेपणाने ५० करू नका. त्या ओळीला तुमची रॅम किती आहे ते माहीत नसतं. वर्कर कमी पडत असतील तर आधी ते कशात अडकलेत ते बघा. स्लो-लॉग चालू करा, ३-४ सेकंदांपेक्षा जास्त चाललेली रिक्वेस्ट कोडच्या कोणत्या ओळीवर थांबली होती ते तो लिहून ठेवतो. बहुधा इंडेक्स नसलेली एखादी क्वेरी निघते, नाहीतर बाहेरच्या एखाद्या सेवेच्या उत्तराची वाट बघणं.

ओओएम किलर साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोसेसची निवड करतो. छोट्या सर्व्हरवर ती पुष्कळदा डेटाबेसची असते. म्हणजे फुगतात पीएचपीचे वर्कर आणि मरतो मारियाडीबी. वर्डप्रेसवर ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ दिसतं, आणि माणूस डेटाबेसचा पासवर्ड तपासत बसतो. त्या वेळी आधी कर्नलचा लॉग उघडा.

स्वॅप (रॅम अपुरी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) अजिबात नसेल तर एखादा जीबी ठेवा. तो रॅमचा पर्याय नाही, पण क्षणभराची वाढ झेलतो. स्वॅप सतत वापरात दिसला तर हिशोब चुकलाय.

पायरी चौथी: मेमरी हळूहळू वाढत जात असेल तर

रिक्वेस्ट संपली की पीएचपी तिची मेमरी मोकळी करते. त्यामुळे साध्या वेब कोडमध्ये खरी गळती क्वचितच असते. असलीच तर ती सी भाषेत लिहिलेल्या एखाद्या एक्स्टेंशनमध्ये (पीएचपीला जोडलेल्या जादा भागात) असते. क्यूवर (रांगेतल्या कामांवर) तासन्‌तास चालणाऱ्या स्क्रिप्टची गोष्ट वेगळी, तिथे एखादा वाढतच जाणारा अ‍ॅरे पुरतो.

एकदा मोठं काम केलेला वर्कर नंतरही जाडच राहतो, कारण घेतलेली सगळी मेमरी सिस्टमला लगेच परत जात नाही. याला गळती म्हणू नका. एकाच वर्करचा आरएसएस दर पाच मिनिटांनी नोंदवा. वाढून एका पातळीवर स्थिरावला तर ठीक, न थांबता चढत राहिला तर गळती. पीएम-मॅक्स-रिक्वेस्ट्स मुळात ० असतं, म्हणजे वर्कर कधीच बदलत नाही. ते ५०० केलं की प्रत्येक वर्कर तेवढ्या रिक्वेस्टनंतर नवा होतो. ही ताप उतरवणारी गोळी आहे, जरूर घ्या. पण शोध चालू ठेवा.

पायरी पाचवी: सेगफॉल्ट

यालाच लोक जास्त घाबरतात. खरं तर शोध घ्यायची पद्धत ठरलेली आहे.

साध्या पीएचपी कोडने प्रोसेस कोसळायला नको. कोसळली तर एक्स्टेंशन, ऑपकॅशचं जेआयटी (कोड चालता चालता यंत्रभाषेत बदलणारी सोय) किंवा पीएचपी स्वतः यांच्यात दोष आहे असं धरून चाला. आधी विचारा: काल काय बदललं? पॅकेज अपडेट झाली आणि एफपीएम नीट रीस्टार्ट झालं नाही, एक्स्टेंशन पीएचपीच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी बांधलेलं आहे, एक्सडीबग हे दोष शोधायचं एक्स्टेंशन चुकून प्रत्यक्ष साईटवर चालू राहिलं, देखरेखीसाठी एखादा नवा एजंट बसवला. बरेचसे सेगफॉल्ट इथेच सापडतात. नाही सापडला तर पीएचपी हायफन लहान एमने एक्स्टेंशनची यादी काढा, नको असलेली एकेक बंद करा आणि दर वेळी एफपीएम रीस्टार्ट करून बघा. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहून. जेआयटी पीएचपी ८.० मध्ये आलं. कोणी ते मुद्दाम चालू केलं असेल तर तात्पुरतं बंद करा.

कोडमुळे सेगफॉल्ट होण्याचं एक नेहमीचं कारण आहे: न संपणारं रिकर्शन. साध्या फंक्शनने स्वतःला अखंड बोलावलं तर पीएचपी ७ पासून बहुधा मेमरी मर्यादेची एरर येते. पण गेट किंवा टू-स्ट्रिंग अशा मॅजिक मेथडमधून (पीएचपी आपणहून बोलावते त्या खास फंक्शनमधून) तेच घडलं तर सी भाषेचा स्टॅक (चालू फंक्शनांच्या नोंदींची ठरावीक जागा) संपतो आणि थेट सिग्नल ११. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या पीएचपी ८.३ पासून स्टॅकची तपासणी होते आणि वाचता येईल अशी एरर मिळते. जुन्या आवृत्तीवर असाल तर तीच साईट चाचणीच्या मशीनवर ८.३ वर चालवून बघा, कधी कधी कोडं तिथेच सुटतं.

तरीही उलगडा झाला नाही तर कोअर डंप, म्हणजे पडतानाच्या मेमरीची फाइल, घ्या. पूलच्या फाइलमध्ये आरलिमिट-कोअर अनलिमिटेड आणि प्रोसेस-डंपेबल येस करा, सिस्टमडी-कोअरडंप हे पॅकेज बसवा, आणि पुढच्या पडझडीची वाट बघा. मग कोअरडंप-सीटीएल लिस्ट आणि कोअरडंप-सीटीएल जीडीबी. जीडीबी या डीबगरच्या प्रॉम्प्टवर बीटी टाइप केलं की पडताना कोणतं फंक्शन कोणी बोलावलं होतं याची उतरंड येते. पीएचपीची डीबग सिम्बॉल्स बसवलेली नसतील तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. तेव्हा ती आधी बसवा.

ही उतरंड वाचायला सी येण्याची गरज नाही. वरच्या काही ओळींत एखाद्या लायब्ररीचं नाव ठळक दिसलं, तर ती पहिली संशयित. तीच दोन-चार नावं हजारो वेळा आली, तर रिकर्शन. सगळ्यात वर झेंड-एमएम ने सुरू होणारं नाव असेल तर जरा जपून. ती पीएचपीची मेमरी वाटणारी यंत्रणा आहे, आणि ती तिथे पडली याचा अर्थ बहुधा आधीच कोणीतरी मेमरी बिघडवून ठेवली होती. अशा वेळी चाचणीच्या मशीनवर यूज-झेंड-अ‍ॅलॉक शून्य करून व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली चालवावं लागतं. खूप संथ चालतं, पण बिघाड नेमका कुठे झाला ते दाखवतं. प्रत्यक्ष साईटवर हे करू नका.

कोअर डंपमध्ये त्या क्षणीची सगळी मेमरी असते: डेटाबेसचा पासवर्ड, लॉगिन केलेल्या माणसाची माहिती, सगळं. ती फाइल कोणालाही पाठवू नका. बीटीचा मजकूर पाठवा, तोही एकदा नजरेखालून घालून. काम झालं की फाइल पुसून टाका आणि दोन्ही सेटिंग मूळपदावर आणा.

अपाचीत बसवलेली पीएचपी

याला मॉडपीएचपी म्हणतात. लॉगमधली ओळ इथे ‘चाइल्ड पीआयडी अमुक एक्झिट सिग्नल सेगमेंटेशन फॉल्ट ११’ अशी असते. मॅक्स-चिल्ड्रनच्या जागी मॅक्स-रिक्वेस्ट-वर्कर्स आणि मॅक्स-रिक्वेस्ट्सच्या जागी मॅक्स-कनेक्शन्स-पर-चाइल्ड. अपाची २.४ च्या आधी त्यांची नावं मॅक्स-क्लायंट्स आणि मॅक्स-रिक्वेस्ट्स-पर-चाइल्ड होती, जुन्या लेखांत तीच सापडतील. प्रीफोर्कमध्ये (दर जोडणीला एक प्रोसेस देणाऱ्या अपाचीच्या पद्धतीत) वर्करची मर्यादा मुळात २५६ असते. दोन जीबीच्या सर्व्हरवर पीएचपीसकट २५६ प्रोसेस बसणं शक्यच नाही, तेव्हा पहिल्या दिवशीच हा आकडा खाली आणा. शिवाय मॉडपीएचपीमध्ये एखादं छोटं चिन्हचित्र द्यायलाही पीएचपी पोटात घेतलेली जाड प्रोसेस लागते. माझं स्पष्ट मत आहे की नवी साईट उभारताना मॉडपीएचपी घेऊच नये, अपाचीलाही एफपीएम जोडता येतं.

अपाचीत मॉड-डब्ल्यूएसजीआयखाली पायथन चालवणाऱ्यांसाठी एवढंच: नमपायसारखं सी एक्स्टेंशन वापरल्यावर प्रोसेस अडकत किंवा कोसळत असेल, तर डब्ल्यूएसजीआय-अ‍ॅप्लिकेशन-ग्रुप ग्लोबल करून बघा. काही एक्स्टेंशनांना उप-इंटरप्रिटर चालत नाही.

मदत मागण्याआधी

‘साईट क्रॅश होते’ एवढ्यावर कोणीही काही सांगू शकत नाही. पीएचपीची पूर्ण आवृत्ती, एक्स्टेंशनची यादी, एफपीएम आणि कर्नलच्या लॉगमधल्या त्याच मिनिटाच्या ओळी, बीटीचा मजकूर, आणि जमलं तर दोष हमखास घडवून आणणारा दहा-पंधरा ओळींचा कोड, एवढं जमवा. तो छोटा कोड बनवताना अर्ध्या वाटेवरच कारण सापडतं, असं पुष्कळदा होतं. दोष पीएचपीचाच निघाला तर नोंदवण्याची जागा आता गिटहबवर आहे, २०२१ च्या शेवटी जुनं ट्रॅकर तिकडे हलवलं गेलं. मात्र बाहेरच्या कोणीही विशिष्ट फाइल किंवा मजकूर पाठवून तुमचा सर्व्हर पाडू शकतो असं दिसत असेल, तर ते उघड लिहू नका. तिथे सुरक्षेच्या दोषांसाठी खासगी नोंदीची वेगळी सोय आहे, ती वापरा, आणि दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत आपल्या साईटवरचा तो अपलोड बंद ठेवा.